उपाशी पाठवणी

सहाव्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लिफ्टने एक हिसका दिला, आतला दिवा दोनदा मिचकावला आणि सगळं थांबलं. हिसका तसा किरकोळच होता. याहून मोठे हिसके बसमध्ये बसतात आणि माणसं झोपेतून उठतसुद्धा नाहीत. पण माझं सगळं लक्ष खाली गेलं. खाली तळघरात आमचा टेम्पो उभा होता, टेम्पोत दोन निळ्या टाक्या होत्या आणि त्यांत आमच्या तळ्यातले ऐंशी जिवंत मासे. रखवालदाराने इंजिन बंद करायला लावलं होतं, तळघरात धूर चालत नाही म्हणून. त्यामुळे पाण्यात हवा सोडणारा पंप आता नुसत्या बॅटरीवर चालला होता, आणि ती बॅटरी नवी नव्हती. शेजारी उभे असलेले साहेब, म्हणजे या हॉटेलची सगळी खरेदी ज्यांच्या हातात आहे ते, एकामागून एक बटणं दाबत होते. नवव्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत त्यांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, "मी खाली येऊन स्वतः बघणार. गेल्या वर्षीचं मी विसरलो नाही. एक जरी मासा उताणा दिसला, तर टाक्या तशाच परत न्यायच्या आणि पुन्हा या दारात यायचं नाही." मी मान डोलावली होती. आता ते दाराला खांदा लावून ढकलायला लागले तेव्हा मी म्हटलं, "साहेब, ढकलू नका. ढकललं की ती आणखी रुसते."

"तुम्हाला काय माहीत?" ते वैतागून म्हणाले.

मला काय माहीत! चार वर्षं या लिफ्टचं दार मी पुसलंय. बोटांचे ठसे कोणत्या उंचीवर असतात, लहान मुलं कुठे नाक टेकवतात, कोण चोरून आरशाला बोट पुसतं, सगळं मला पाठ आहे. ही पाचव्या-सहाव्याच्या मध्येच रुसते, महिन्यातून एकदा तरी, आणि मग वरून दोन माणसं येऊन तिला हाताने ओढून घेतात. फक्त त्या चार वर्षांत मी तिच्यातून कधी एक मजलाही गेले नव्हते. पुसायला ही, आतून-बाहेरून; जायला मागचा जिना. आज पहिल्यांदा समोरच्या लिफ्टमध्ये प्रवासी म्हणून पाय ठेवला, छाती काढून ठेवला, आरशात स्वतःकडे बघून केससुद्धा सारखे केले, आणि बाईसाहेबांनी नेमका आजच रुसायचा मुहूर्त साधला. साहेबांनी आत बसवलेला फोन उचलला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, माणसं पाठवतो, वीसेक मिनिटं लागतील. वीसेक म्हणजे किती, ते मला ठाऊक होतं. माझ्या फोनवर रेंजची एक काडीसुद्धा नव्हती.

मी डोळे मिटले आणि पंपाचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला. इतक्या खालचा आवाज कसा ऐकू येणार? पण गेल्या वर्षापासून तो गुरगुराट माझ्या कानात इतका बसलाय की मी तो मनातल्या मनातही ऐकू शकते. आवाजापेक्षाही वाईट होता तो वास. पहाटे निघताना आईने मला टेम्पोत ओढून घ्यायला हात दिला, आणि तिच्या तळव्याला पेंडीचा वास आला. माशांना घालायला कोंडा आणि पेंड कालवली की येतो तो, आंबटसर, बोटांच्या पेरांत बसणारा. मी आईकडे पाहिलं. तिने तोंड फिरवून जेवणाचा डबा मांडीवर घेतला. चार तासांच्या रस्त्यात मी तिला विचारलं नाही. टेम्पो चालवणारा आमचा भोंग्या समोर कुत्रं नसतानाही भोंगा वाजवत होता, आई खिडकीतून झाडं बघत होती, आणि मी जीभ दाताखाली धरून बसले होते. विचारलं नाही तोवर ते खरं नाही, असं काहीतरी वेड्यासारखं माझ्या डोक्यात होतं. आता या लोखंडी पेटीत मात्र दुसरं काही सुचेना. आईने पुन्हा त्यांना खायला घातलं असेल, तर सगळं संपलं.

गेल्या वर्षी हेच तळघर, हाच रखवालदार, याच दोन टाक्या. मी झाकण उघडलं तर वर साबणासारखा फेस आणि फेसाखाली पांढरी पोटं. एकही हलत नव्हता. वास असा की रखवालदाराने नाक दाबून आम्हाला शिवी दिली, आणि साहेब टाकीपर्यंत आलेसुद्धा नाहीत, दहा पावलांवरूनच वळले. मासे आम्ही परत नेले आणि मळ्यात पुरले, तळ्यावरचे अकरा जण खड्ड्याभोवती उभे राहून. कुणाला काही कळेना. पंप चालू होता, पाणी गार होतं, टाक्या धुतलेल्या होत्या. मग आम्हाला शिकवायला येणाऱ्या प्रशिक्षणवाल्या बाई आल्या आणि त्यांनी एकच विचारलं, "निघायच्या आधी दोन दिवस उपाशी ठेवले होते ना? भरल्या पोटाचा मासा प्रवासात टाकीतलं पाणी घाण करतो आणि त्याच पाण्यात गुदमरून मरतो. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी." आम्ही सगळ्यांनी जोरजोरात माना डोलावल्या. एकटी आई खाली बघत होती. मग ती हळूच म्हणाली, "आदल्या संध्याकाळी मी एक टोपलं घातलं. पोटभर खाल्लं त्यांनी. परक्या गावाला जायचं, आणि रिकाम्या पोटी कसं धाडायचं?"

तिच्यावर ओरडणार तरी कोण? आमच्यात उंबऱ्यावरून उपाशी कुणी जात नाही. पाहुणा नाही, भांडायला आलेला नाही, विकलेली गायसुद्धा नाही. दावं नव्या मालकाच्या हातात द्यायच्या आधी तिच्या तोंडात मूठभर काहीतरी घालतात. धरण झालं आणि आम्हाला हलवायला गाड्या आल्या, तेव्हा मी सहा वर्षांची होते. बायकांनी त्या दिवशी सगळ्या वस्तीचा स्वयंपाक एकत्र केला आणि सगळ्यांना जेवायला वाढलं, आमची घरं पाडायला आलेल्या माणसांनाही वाढलं. त्यांतला एक जण ताट हातात घेऊन उभाच राहिला होता, त्याला घास गिळेना, एवढं मला आठवतं. मी एकोणिसाव्या वर्षी शहरात कामाला निघाले तेव्हा रागात होते, मला जेवायचं नव्हतं. आईने माझे गाल दाबून दोन घास कोंबले. बसमध्ये वळणावळणावर मी ते ओकत आले. शेजारच्या बाईने आपला पाय उचलून घेतला होता. हे मी प्रशिक्षणवाल्या बाईंना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, बघ, मी काय सांगत होते!

"इथली हवा संपेल का?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता. मी डोळे उघडले. ते खाली बसले होते, गळ्याची गुंडी काढलेली, कपाळ घामाने डबडबलेलं. मघाचा रुबाब पार उतरला होता.

"नाही संपत," मी म्हटलं. "वर फट आहे, ती बघा. तिच्यातली धूळ मी काढलेली आहे. नाकाने श्वास घ्या, हळूहळू. तोंडाने घेऊ नका. तोंडाने हवा प्यायला लागला की समजायचं, मासा घाबरलाय."

ते नाकाने श्वास घ्यायला लागले. दर श्वासाला माझ्याकडे बघत होते, बरोबर आहे ना असं विचारल्यासारखे. मग म्हणाले, "काहीतरी बोला हो. काहीही बोला." मला हसू आलं. चार वर्षांत या इमारतीत मला कुणी बोला म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या खोलीबाहेरची फरशी मीच पुसायचे." त्यांनी नीट पाहिलं. "हो का?" "हो. तुम्ही रोज ओल्यावरून चालत जायचा." ते आपल्या बुटांकडे बघत राहिले. मला थोडी दया आली आणि थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग मी त्यांना आमच्या तळ्याचं सांगितलं. सांगताना माझं अर्धं मन खाली टाकीशीच होतं, पण तळ्याची गोष्ट निघाली की मला थांबता येत नाही. तळ्यावरची मुलं मला मास्तरीण म्हणतात ते उगाच नाही. तळं म्हणजे मुळात खाण. धरणासाठी दगड काढले तो खड्डा. पाणी त्यांच्या धरणात गेलं, जमीन पाण्याखाली गेली, आणि आमच्या वाट्याला तेवढा खड्डा राहिला, कारण तो कुणालाच नको होता. पावसाचं पाणी साचून तो भरला. मी शहरातून परत आले तेव्हा वस्तीत फक्त म्हातारी माणसं आणि कोंबड्या राहिल्या होत्या. माझ्या वयाचे सगळे शहरात विटा वाहत होते. त्या खड्ड्याच्या काठावर बसून मी विचार केला, की पाणी आहे, माणसं आहेत, आपल्या आज्या-पणज्या ओढ्यात मासे धरत आल्या आहेत, मग आपण दुसऱ्यांच्या फरशा का पुसायच्या? एकेकाला बोलावून घेतलं. दहा आले. पहिल्या वर्षी हौसेने शेणखत इतकं टाकलं की पाणी हिरवंगार झालं, आम्हाला वाटलं वा, काय झकास, आणि चौथ्या सकाळी सगळे मासे वर येऊन तोंड उघडून हवा पीत होते. आम्ही अकरा जण पाण्यात उतरलो आणि दुपारपर्यंत हातापायांनी पाणी झोडपत राहिलो. तेव्हापासून काठावरच्या खडकावर खडूने रोज लिहितो, पाण्याचा रंग काय, सकाळी मासे कुठे होते, किती खाल्लं. तीन जातींचे मासे सोडतो, एक वरच्या थरात खाणारा, एक मधल्या, एक तळाशी. कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. औषधं टाकत नाही. जुनं पाणी मळ्याला जातं, मळ्याचा पाला पाण्यात येतो. अंड्यांवर आलेल्या मासळीच्या दिवसांत जाळं वाळत घालून ठेवायचं आणि जाळ्यात आलेला पहिला मासा परत सोडायचा, हे तर आमच्यात पूर्वीपासूनच आहे. प्रशिक्षणवाल्या बाईंनी त्यासाठी भलामोठा शब्द सांगितला होता. तो ऐकून आमच्या म्हाताऱ्या इतक्या हसल्या की बाईंनाही हसू आवरेना.

"आणि आज मी नाही म्हटलं तर?" साहेबांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी वाईट मनाने विचारला नव्हता.

"तर सोमवारी सहा जण बांधकामावर निघणार आहेत. ठेकेदाराला शब्द दिलाय. त्यांच्या पिशव्या भरून झाल्यात." मी बोटांवर मोजलं. "आम्ही बाकीचे पाच जण तळं चालवू शकत नाही. म्हणजे मीसुद्धा येईन परत. तुमची फरशी पुसायला."

हे तोंडातून निघाल्यावर मला कळलं की मी आईवर किती रागावले आहे. आठवडाभर मी तिच्या मागे लागले होते. काठावर पाटी लावली, उपास चालू आहे, खायला घालू नये. आईला वाचता येत नाही, म्हणून तिला ती तीनदा वाचून दाखवली. "घातलं नाहीस ना?" "नाही." "आई, शपथ?" "नाही म्हटलं ना!" आणि तरी तळव्याला वास. आई खोटं बोलत नाही, पण भुकेल्याला घास देताना ती खोटं बोलू शकते, याची मला खात्री होती. घड्याळात अठ्ठावीस मिनिटं झाली होती. बॅटरी अजून चालत असेल का? चालून तरी काय, पाणीच घाण झालं असेल तर. मी भिंतीला डोकं टेकलं. लोखंड गार होतं. आपलीच आई आपल्याला बुडवते आणि आपण तिला काही म्हणूही शकत नाही, असा विचार माझ्या मनात आला आणि त्याच क्षणी त्याची लाजही वाटली.

वर कुठेतरी खडखडाट झाला. लिफ्ट वीतभर वर सरकली, थांबली, पुन्हा वीतभर. दार अर्धंच उघडलं. सहाव्या मजल्याची जमीन माझ्या कमरेएवढ्या उंचीवर होती. मी दोन्ही हात टेकून वर चढले, साहेबांना हात दिला, ते चढले की नाही हेही न बघता मागच्या जिन्याकडे धावले. तो जिना मला अंधारातही येतो. तळघरापर्यंतचे सगळे मजले मी कसे उतरले ते माझ्या पायांनाच माहीत. तळघराच्या दाराशी पोचले आणि थिजले. पंपाचा आवाज नव्हता.

गुरगुराट नाही, बुडबुडे नाहीत, काहीच नाही. मग दुसरा आवाज कानावर आला. पाणी पडत होतं. उंचावरून पडत होतं, थांबत होतं, पुन्हा पडत होतं. टेम्पोत आई उभी होती, कोपरापर्यंत भिजलेली. तांब्या टाकीत बुडवायची, डोक्यापर्यंत उचलायची आणि पाणी धारेने परत टाकीत सोडायची. दुसऱ्या टाकीशी भोंग्या बादली घेऊन तेच करत होता. त्याने मला पाहिलं आणि धापा टाकत ओरडला, "बॅटरी दहा मिनिटांत मेली! रखवालदार इंजिन लावू देईना. मी नुसता ओरडत बसलो होतो, आणि तुझ्या आईने तांब्या उचलला! थांबायलाच तयार नाही ती!"

मी टेम्पोत चढले. टाकीत बघायची हिंमत होईना, म्हणून आधी वास घेतला. पाण्याला फक्त पाण्याचा वास होता. फेस नव्हता. मग मी वाकले. काळसर पाठी एकमेकींच्या अंगावरून सरकत होत्या, शेपट्या वळत होत्या, एका माशाने माझ्या सावलीला घाबरून तोंडावर पाणी उडवलं. उताणा एकही नाही. दुसऱ्या टाकीत एकही नाही. मी टाकीच्या कडेला धरून तिथेच बसले. समोर आईचा डबा होता. तो काल संध्याकाळी मीच भरला होता, मीच फडक्यात बांधला होता, आणि वर मारलेली माझी ती वेडीवाकडी दुहेरी गाठ जशीच्या तशी होती. आज सकाळी, रस्त्यात, इथे, कुठेही ती सुटली नव्हती.

"आई, तू जेवली नाहीस?"

"हात चालव तुझाही," आई म्हणाली. तांब्या थांबला नव्हता.

"काल?"

"यांना उपाशी धाडायचं म्हणालीस ना तू? दोन दिवस? मग घरात बसून मी एकटीने कसं जेवायचं?" तिने पाणी सोडलं. "आपण खायचं नाही, म्हणजे मग जमतं. नाहीतर माझा हात राहिला नसता गं."

"आणि हाताला पेंडीचा वास?"

"माशांच्या पिल्लांच्या डबक्यात घातली. ती कुठे गावाला निघाली होती?"

मी रडायला लागले. तांब्या तिच्या हातातून घेतला आणि पाणी ओतता ओतता रडले. भोंग्याला वाटलं मासे मेले, त्याने बादली टाकून आधी माझ्या टाकीत डोकावून पाहिलं. तोवर साहेब येऊन पोचले होते, धुळीने भरलेले, एक गुंडी तुटलेली. त्यांनी रखवालदाराला इंजिन लावू द्यायला सांगितलं. पंप पुन्हा गुरगुरला. मग ते टाकीत वाकले आणि बाही वर न करताच हात घातला. एक मासा त्यांच्या हातात आला, त्याने अशी काही उसळी मारली की शेपटी थेट साहेबांच्या गालावर बसली आणि चष्मा टाकीत पडला. साहेब हसले. आधी थोडं आणि मग पोट धरून. भोंग्याने कोपरापर्यंत हात घालून चष्मा काढून दिला. "दर आठवड्याला," साहेब चष्मा पुसत म्हणाले. "दर आठवड्याला ऐंशी. जमेल?" भोंग्या टेम्पोत शिरला आणि त्याने भोंगा असा वाजवला की सगळं तळघर दणाणलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तो कारणासाठी वाजवला होता. सोमवारी जाणाऱ्या सहा जणांत तोही होता.

मासे पिंपांत भरून सामानाच्या लिफ्टने वर न्यायचे होते. साहेब मला म्हणाले, "तुम्ही आईंना घेऊन समोरच्या लिफ्टने या." आई म्हणाली, "मासे जिकडून जातील तिकडून मी." ती पिंपाला धरून उभी राहिली आणि नवव्या मजल्यापर्यंत पिंपातच बघत आली. वरच्या जेवणघरात भिंतभर काचेची पेटी आहे, पाहुणे त्यातला मासा बोटाने दाखवतात आणि तो शिजून ताटात येतो. मी ते आईला सांगितलं. "माहीत आहे की," ती म्हणाली. "मासा खायचाच असतो. ते कोण नाही म्हणतंय?" मासे एकेक करून पेटीत सोडले. आधी ते कोपऱ्यात दडले, मग सावकाश पसरले, वरचे वर, मधले मध्ये, तळाचे तळाशी. आईने कमरेची पिशवी सोडली आणि चिमूटभर कोंडा-पेंड बाहेर काढली. प्रवासानंतर एक दिवस काही घालायचं नाही, असं आमच्या खडकावर माझ्याच हाताने लिहिलेलं आहे. आईने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या पेटीत एवढीशी चिमूट, मी मनात हिशेब केला, आणि मान डोलावली. तिने बोटं उघडली. सगळे मासे एकदम वर आले.

ते खाऊन होईपर्यंत आई काचेशी उभी राहिली. मग बाहेर येऊन साहेबांच्या खोलीसमोरच्या फरशीवर तिने बैठक मारली, दातांनी माझी गाठ सोडली आणि डबा उघडला. कालचा गार भात. पहिला घास तिने मला दिला, दुसरा स्वतः घेतला आणि डोळे मिटून चावत राहिली. साहेब खोलीतून बाहेर आले, आम्हाला पाहून थबकले, आणि भिंतीच्या कडेकडेने, अंग चोरून निघून गेले. चार-पाच शितं फरशीवर सांडली. चार वर्षं या फरशीवरचा एकेक डाग मी गुडघ्यावर बसून काढला होता. हात सवयीने पुढे गेला, मग मी तो मागे घेतला आणि डब्यात घातला. मलाही सकाळपासून भूक लागली होती.